कोणाचं गाणं हवेवर? चंद्रपूर-गडचिरोलीतल्या रेडिओची गोष्ट

२८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातल्या २३४ नव्या शहरांमध्ये ७३० खासगी एफएम वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. यादीत विदर्भातली अचलपूर, वर्धा, यवतमाळ, गोंदिया ही नावं होती आणि चंद्रपूरचंही होतं. चंद्रपूरच्या नावापुढे आकडा होता ४. म्हणजे लिलावात पुरेशी बोली लागली, तर चंद्रपुरात चार खासगी रेडिओ वाहिन्या सुरू होऊ शकतात. शेजारच्या गडचिरोलीचं नाव मात्र यादीत नव्हतं.

बातमी आली आणि दोन दिवसांत विरून गेली. साहजिक आहे. हा लेख तुम्ही ज्या फोनवर वाचताय, त्याच फोनवर जगातलं जवळपास कुठलंही गाणं दोन बोटांच्या अंतरावर आहे. रेडिओ लागतो तो रिक्षात, पानठेल्यावर, नाहीतर आजोबांच्या उशाशी. मग चंद्रपुरात चार वाहिन्या आल्या काय आणि न आल्या काय, आपल्याला त्याचं काय?

फरक असा आहे की फोनवर तुम्ही गाणं शोधता. रेडिओवर गाणं तुमच्याकडे येतं, आणि कुठलं गाणं यावं हे दुसऱ्या कुणीतरी आधीच ठरवलेलं असतं. दिल्लीतला एखादा मंत्री, कोलंबोतला निवेदक, जाहिरातदार, केंद्रावरचा अधिकारी. त्यामुळे एखाद्या भागात रेडिओवर काय वाजलं याचा इतिहास लिहायला घेतला, की काय वाजलं नाही याचाही इतिहास आपोआप लिहिला जातो. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जंगल-जिल्ह्यांच्या बाबतीत तर ही दुसरी बाजूच मोठी आहे.

बर्लिन, हैदराबाद, नागपूर

या भागात स्वतःचं केंद्र यायच्या कितीतरी आधी या भागाचं नाव रेडिओवर गेलं, असं चिमूरकर अभिमानाने सांगतात. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूरमध्ये उठाव झाला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांनी हा सगळा परिसर आधीच पेटलेला होता. त्या महिन्याच्या अखेरीस इंग्रज सरकारने महाराजांना चंद्रपुरात अटक केली. चिमूर काही दिवस इंग्रजांच्या ताब्यातून सुटलं होतं आणि ही बातमी नेताजींच्या बर्लिनमधल्या रेडिओवरून जगाला सांगितली गेली, ही आठवण तिथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. तिच्या शेजारी एक गोष्ट ठेवून पाहा. चिमूरला ज्या आवाजाने उभं केलं, तो खंजिरीचा होता. भजन आणि खंजिरी यांना तेव्हा ना वीज लागत होती, ना सरकारी परवाना.

त्या काळात आजचा हा सगळा भाग एका सरकारच्या हाताखालीही नव्हता. चांदा जिल्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडात होता. आज चंद्रपूर जिल्ह्यात असलेला राजुरा निजामाच्या संस्थानात, आदिलाबाद जिल्ह्यात मोडायचा. तो १९५६ मध्ये नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चांद्याला आला. म्हणजे राजुऱ्याच्या बाजूला सरकारी रेडिओ म्हणजे हैदराबादचा 'डेक्कन रेडिओ' होता. १९३५ मध्ये सुरू झालेलं ते केंद्र प्रामुख्याने उर्दूतून बोलायचं आणि १९५० मध्ये ते आकाशवाणीत विलीन झालं. वर्धा नदीच्या अलीकडे मात्र १९४८ पर्यंत जवळपास काहीच नव्हतं.

१६ जुलै १९४८ रोजी नागपूर केंद्र सुरू झालं. चंद्रपूरपासून नागपूर साधारण दीडशे किलोमीटर. नागपूरचं प्रक्षेपण मध्यम लहरींवर, म्हणजे मीडियम वेव्हवर होतं. या लहरी जमिनीला धरून लांबवर जातात, जंगल-टेकड्या त्यांना फारशा अडवत नाहीत. आजही नागपूर केंद्र ५८५ किलोहर्ट्झवर ३०० किलोवॅट ताकदीच्या प्रक्षेपकावरून बोलतं. पुढची कित्येक दशकं चांदा जिल्ह्याचा 'आपला' रेडिओ म्हणजे हेच नागपूर होतं.

पेटीला बंदी

नागपूर केंद्र सुरू झालं तेव्हा आकाशवाणीवर एका वाद्याला मज्जाव होता. ते वाद्य म्हणजे पेटी, हार्मोनियम.

ही बंदी १ मार्च १९४० पासून लागू झाली. लायोनेल फील्डन हे तेव्हा ऑल इंडिया रेडिओचे प्रमुख होते. पेटी परदेशी आहे, तिच्या पट्ट्या ठरलेल्या सुरांना बांधलेल्या आहेत, तिच्यातून मींड निघत नाही आणि म्हणून ती भारतीय रागसंगीताला मारक आहे, असा युक्तिवाद होता. रवींद्रनाथ टागोरांनाही पेटी नकोशी होती. देश स्वतंत्र झाला, फील्डन गेले, पण बंदी राहिली. ती सैल झाली थेट १९७१ मध्ये.

आता हेच वैनगंगेच्या काठावरून पाहा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या भाताच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. दिवाळीनंतर धान कापून झाला की इथे गावोगाव मंडई भरते आणि रात्री नाटक असतं. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत चालतं. त्यात गाणी असतात, आणि गाणाऱ्याच्या समोर पेटी किंवा ऑर्गन असतो. भजनी मंडळांतही तेच. गावातल्या ज्या माणसाला पेटी येते, त्याच्याभोवती गावाचं संगीत गोळा होतं.

म्हणजे ३१ वर्षं सरकारी रेडिओच्या लेखी जे वाद्य भारतीय नव्हतं, तेच वाद्य इथल्या खेड्यांमधल्या गाण्याचा कणा होतं. झाडीपट्टीच्या नाटकाविरुद्ध दिल्लीत कुणी कट केला नव्हता. तिथे हे नाटक कुणाच्या मनातही नव्हतं. 'भारतीय संगीत म्हणजे काय' हा प्रश्न सोडवायला बसलेल्या लोकांच्या डोळ्यांसमोर ख्याल होता, ध्रुपद होतं, वीणा होती. मंडईतला गाणारा त्या प्रश्नात बसतच नव्हता.

कोलंबोहून आलेली गाणी

१९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. पुण्यात जन्मलेला, स्वतः शास्त्रीय संगीत शिकलेला हा मराठी माणूस पुढची दहा वर्षं देशाच्या रेडिओचा कान होता. त्यांच्या काळात शास्त्रीय संगीताचा 'राष्ट्रीय कार्यक्रम' सुरू झाला. कलाकारांच्या स्वरपरीक्षा कडक झाल्या. हिंदी सिनेमाच्या गाण्यांना आकाशवाणीचं दार जवळजवळ बंद झालं. आधी गाण्यांचा वाटा कमी केला गेला, गाण्यासोबत सिनेमाचं नाव सांगायचं नाही असंही ठरलं, कारण ती जाहिरात होते. निर्मात्यांनी चिडून प्रसारणाचे हक्कच काढून घेतले. केसकरांना त्याचं फारसं दुःख झालं नसावं.

सिनेमाच्या गाण्याची जागा भरायला आकाशवाणीने 'सुगम संगीत' नावाची गोष्ट उभी केली. कविता चांगली, चाल सोपी, वाद्यं मोजकी. मराठीत त्याचं सगळ्यात मोठं फळ म्हणजे 'गीतरामायण'. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, पुणे केंद्रावरून त्याचं पहिलं गाणं गेलं आणि वर्षभरात ५६ गाणी झाली. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांनी दर आठवड्याला केलेलं हे काम पाहिलं, की सरकारी धोरणातून चांगलं काहीच निघत नाही असं कुणी म्हणू शकणार नाही.

पण ऐकणारे तेवढ्यावर थांबले नाहीत. श्रीलंकेत, कोलंबोत, दुसऱ्या महायुद्धातला एक दणकट लघुलहरी प्रक्षेपक होता. रेडिओ सिलोनने तो हिंदी गाण्यांना दिला. १९५२ च्या डिसेंबरात तिथून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि अमीन सायानींचा आवाज घराघरात गेला. शॉर्ट वेव्ह आकाशातल्या थरावर आपटून हजारो किलोमीटर दूर उतरते. त्यामुळे बल्लारपूरच्या कागद कारखान्याच्या वसाहतीला आणि मुंबईच्या चाळीला कोलंबो सारखंच जवळ होतं. दीडशे किलोमीटरवरचं नागपूर जे वाजवत नव्हतं, ते समुद्रापलीकडून येत होतं.

दिल्लीला माघार घ्यावी लागली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. १ नोव्हेंबर १९६७ पासून तिच्यावर जाहिराती आल्या, आणि हा प्रयोग सगळ्यात आधी ज्या तीन केंद्रांवर झाला ती तिन्ही महाराष्ट्रातली होती: मुंबई, पुणे आणि नागपूर. तोवर ट्रान्झिस्टर आला होता. वीज नसलेल्या गावातही चार सेलवर रेडिओ चालू लागला. तेंदूपत्त्याच्या फळीवर, धानाच्या बांधावर, कोळसा खाणीच्या वसाहतीत तो पोहोचला. चंद्रपूर हे तेव्हाही अनेक भाषांचं शहर होतं. खाणी, कागद कारखाना आणि पुढे औष्णिक वीज केंद्र यांच्यामुळे तेलुगू, हिंदी, छत्तीसगढी बोलणारे कामगार तिथे राहायला आले होते. अशा शहरात हिंदी सिनेमाचं गाणं ही सगळ्यांना समजणारी एकमेव भाषा होती. रेडिओने ती आणखी पक्की केली.

या सगळ्या टप्प्यांमध्ये गाण्याची दिशा एकच होती. दिल्लीहून, कोलंबोहून, मुंबईहून, नागपूरहून ते जंगलाकडे यायचं. जंगलातून बाहेर जायला वाट नव्हती. याचं टोक १८ मे १९८८ रोजी गाठलं गेलं. त्या दिवशी आकाशवाणीची 'राष्ट्रीय वाहिनी' सुरू झाली. देशाच्या मध्यावर म्हणून नागपूर निवडलं गेलं आणि तिथे एक हजार किलोवॅटचा प्रक्षेपक बसवला गेला. रात्री मीडियम वेव्हही आकाशातून परतते, त्यामुळे नागपूरजवळच्या त्या मनोऱ्याचा आवाज रात्रभर देशाच्या मोठ्या भागात ऐकू जायचा. कार्यक्रम अर्थात दिल्लीत तयार होत. ही वाहिनी बंद करण्याचा निर्णय प्रसार भारतीने २०१८ च्या डिसेंबरात घेतला.

१०३ मेगाहर्ट्झ

दिशा उलटी करण्याचा विचार कागदावर आला १९७८ मध्ये. आणीबाणीनंतर पत्रकार बी. जी. वर्गीस यांच्या अध्यक्षतेखाली एक गट नेमला गेला होता. आकाशवाणी-दूरदर्शनला सरकारपासून मोकळं कसं करायचं, हा त्यांचा मुख्य विषय. त्याचबरोबर रेडिओ लहान लहान भागांपर्यंत, स्थानिक गरजांपर्यंत उतरला पाहिजे, हा विचारही त्या काळात पुढे आला. ३० ऑक्टोबर १९८४ रोजी तमिळनाडूत नागरकोईल इथे देशातलं पहिलं स्थानिक रेडिओ केंद्र सुरू झालं. मग जिल्ह्याच्या गावांमध्ये अशी केंद्रं उभी राहत गेली. आकाशवाणी चंद्रपूर हे त्याच मालिकेतलं, एफएमवरचं, १०३ मेगाहर्ट्झवर ऐकू येणारं केंद्र.

एफएमचा आवाज स्वच्छ असतो, पण त्याची लहर सरळ रेषेत जाते. टेकडी आली, अंतर वाढलं की ती संपते. चंद्रपूरचा मनोरा शहराला, आसपासच्या तालुक्यांना पुरतो. बल्लारपूर, गोंडपिंपरी, आष्टी करत आलापल्लीकडे निघालात की मागचं सगळं मागे राहतं. १९८२ मध्ये २६ ऑगस्टला चंद्रपूरमधून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा उत्तर-दक्षिण लांबलचक पसरलेला आहे. त्याचं दक्षिण टोक, सिरोंचा, गडचिरोली शहरापासूनच दोनशे किलोमीटरच्या आसपास आहे. एका मनोऱ्याने हा प्रदेश झाकणं शक्यच नव्हतं. पण 'स्थानिक' या शब्दाचा अर्थच तो होता: थोडक्या लोकांशी, त्यांच्या गोष्टी.

स्थानिक केंद्रांच्या दिवसाचा साचा देशभर साधारण सारखाच राहिला. सकाळी ती ओळखीची सुरावट, जी १९३० च्या दशकात वॉल्टर कॉफमन या युरोपातून आलेल्या संगीतकाराने बांधली. मग वंदे मातरम्, मंगलध्वनी, भक्तिगीतं. ठरलेल्या वेळी दिल्ली-मुंबईच्या बातम्या. दुपारी सिनेमाची गाणी. संध्याकाळी शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम, लोकसंगीत. आणि श्रोत्यांच्या आवडीची गाणी.

फर्माइशीच्या कार्यक्रमाला आज आपण हसतो, कारण गाणं मागायला पोस्टकार्ड टाकायचं ही कल्पनाच विनोदी वाटते. पण त्यात गाण्याइतकंच महत्त्व नावांना होतं. मूल, सावली, नागभीड, सिंदेवाही ही नावं राष्ट्रीय रेडिओवर कधी येणार? पूर आला, वीज पडली किंवा वाघाने माणूस मारला, तरच. फर्माइशीत ती काही वाईट न घडताही येतात. कुणालातरी एक गाणं आवडतं, एवढंच कारण पुरतं.

सात मिनिटांची दंडार

स्थानिक केंद्रामुळे माइक पहिल्यांदा या भागाच्या कलाकारांसमोर आला. इथल्या संगीताची खरी परीक्षा तिथेच सुरू झाली. स्टुडिओला स्वतःचे नियम असतात. कार्यक्रमाला ठरलेली मिनिटं असतात. कलाकाराला स्वरपरीक्षा द्यावी लागते, त्याला श्रेणी मिळते, श्रेणीप्रमाणे मानधन मिळतं. हे नियम मैफलीत बसून गाणाऱ्या माणसाला समोर ठेवून बनलेले होते.

दंडार तशी नाही. ती उभ्याने, नाचत, समूहाने होते, आणि मंडईत ती तासन्‌तास चालते. खडी गंमत तर नावातच उभी आहे. तिच्यात शाहीर आहे, सवाल-जवाब आहेत, बाईचं सोंग घेतलेला पुरुष आहे आणि समोरच्या प्रेक्षकांची टिंगल आहे. माडिया-गोंडांची रेला गाणी म्हणजे हातात हात गुंफून, गोलाकार सरकत, एका गटाने म्हणायचं आणि दुसऱ्याने उचलायचं असा प्रकार. त्यात गाणारे आणि ऐकणारे असे दोन वर्गच नसतात. अशा गाण्याला बंद खोलीत, एका जागी रोवलेल्या माइकसमोर, पाच-सात मिनिटांत बसवायचं तर काय उरतं? चाल उरते, शब्द उरतात. पावलांचा आवाज जातो, मधली हुल्लड जाते, रात्र जाते.

तरीही हे करण्याला अर्थ होता. एक तर ध्वनिमुद्रण होतं, म्हणजे तो आवाज त्या रात्रीपुरता राहत नाही. दुसरं म्हणजे मान. ज्या कलेकडे शहरात 'खेड्यातली करमणूक' म्हणून पाहिलं जात होतं, तिच्या कलाकाराला सरकारी पत्र येतं, करार येतो, आवाज हवेवर जातो. झाडीबोलीचंही तसंच. ही बोली म्हणजे अशुद्ध मराठी, असं शाळेत शिकवलं गेलेल्या पिढ्या इथे आहेत. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी आणि झाडीबोली साहित्य मंडळाने तिच्यासाठी आयुष्यं घातली. २०२३ मध्ये झाडीपट्टी रंगभूमीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा महाराष्ट्रातल्या अनेकांनी ही रंगभूमी कुठे आहे हे नकाशात शोधलं. वडशात तिच्या नाटक कंपन्यांची कार्यालयं रांगेने आहेत, हंगामात नाटकांचे प्रयोग आधीच ठरलेले असतात, हे त्यांना तेव्हा कळलं. अशा भागाला स्वतःच्या बोलीत बोलणारा एक सरकारी माइक मिळणं ही लहान गोष्ट नव्हे.

मग हा माइक वाढत का गेला नाही? कारण साधं आहे आणि ते एकट्या चंद्रपूरचं नाही. १९९७ मध्ये प्रसार भारती स्थापन झाली. नावापुरती स्वायत्तता आली, पण स्थानिक केंद्रांना पुरेशी माणसं आली नाहीत. देशभर अशी केंद्रं मोजक्या कायम कर्मचाऱ्यांवर आणि हंगामी निवेदकांवर चालत राहिली. एखाद्या गावात जाऊन रेला ध्वनिमुद्रित करायचं तर गाडी हवी, तंत्रज्ञ हवा, भाषा जाणणारा माणूस हवा, मानधन हवं. विविध भारतीचा कार्यक्रम पुढे पाठवायचा तर एक बटण पुरतं. पैसे आणि माणसं कमी पडू लागली की रेडिओ केंद्र गप्प होत नाही. ते दुसऱ्याचं ऐकवू लागतं. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच बदललेलं दिसत नाही, कारण गाणी तर वाजतच असतात.

नदीपलीकडची गोंडी

२०११ च्या जनगणनेत देशात गोंडी ही मातृभाषा सांगणारे लोक सुमारे ३० लाख होते. ते मध्य प्रदेश, छत्तीसगढ, महाराष्ट्र, तेलंगण, ओडिशा अशा राज्यांत विखुरलेले आहेत. प्रत्येक राज्यात ते अल्पसंख्य, म्हणून एकाही राज्याची ती भाषा नाही आणि एकाही राज्याच्या रेडिओची ती मुख्य भाषा नाही.

इंद्रावतीच्या पलीकडे बस्तरमध्ये जगदलपूर केंद्र १९७७ मध्ये सुरू झालं. तिथून हलबी आणि गोंडीत कार्यक्रम होत आले. दक्षिणेला राजुरा-जिवतीच्या पलीकडे आदिलाबादचं स्थानिक केंद्र १९८६ मध्ये सुरू झालं, तिथूनही गोंडी ऐकू येते. म्हणजे गडचिरोलीच्या दोन बाजूंना, दोन वेगळ्या राज्यांत, गोंडी रेडिओवर नियमित बोलते. जिथे जंगल जिल्ह्याच्या दोन-तृतीयांशाहून अधिक जमिनीवर आहे आणि गोंडी-माडिया रोज बोलली जाते, त्या गडचिरोलीत मात्र या भाषेसाठी उभं राहिलेलं आकाशवाणी केंद्र नाही.

दरम्यान शहरांत काय झालं, ते तुम्हाला माहीत आहे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नव्हे, असा निकाल दिला. न्यायालयाने म्हटलं सार्वजनिक, सरकारने लिलाव काढला. २००१ मध्ये बंगळुरूत पहिली खासगी एफएम वाहिनी सुरू झाली, पुढच्या फेरीत नागपुरातही वाहिन्या आल्या. सगळ्यांचं स्वरूप एकसारखं: नव्या हिंदी सिनेमाची गाणी, दोन गाण्यांमध्ये आरजेची बडबड. परवान्यासाठी मोठी रक्कम भरलेली कंपनी धोका कशाला पत्करेल? स्वतःच्या बातम्या द्यायला बंदी, मग उरतं काय? केसकरांच्या काळात सिनेमाचं गाणं वर्ज्य होतं, आता सिनेमाचं गाणं सोडून बाकी सगळं वर्ज्य झालं. दोन्ही वेळा दंडार बाहेरच राहिली.

खासगी एफएम चंद्रपूर-गडचिरोलीत आलं नाही. त्या काळात इथे गाणं पोहोचलं ते मेमरी कार्डातून. रिचार्जच्या दुकानात कार्ड द्यायचं, थोडे पैसे द्यायचे, शेकडो गाणी भरून घ्यायची. रेडिओच्या इतिहासात या दुकानदारांची नोंद नाही, पण कार्डात काय भरायचं हे तेच ठरवत होते आणि गिऱ्हाईक मागेल ते भरत होते. झाडीपट्टीच्या नाटकातली गाणी, गोंडी लग्नगीतं, भीमगीतं आणि हिंदी डीजे मिक्स, सगळं एकाच कार्डात.

शेजारच्या छत्तीसगढमध्ये आणखी एक गोष्ट घडली. बीबीसीत काम केलेले पत्रकार शुभ्रांशू चौधरी यांनी २०१० मध्ये 'सीजीनेट स्वर' सुरू केलं. मनोरा नाही, परवाना नाही, फक्त एक फोन नंबर. साध्या फोनवरून मिस्ड कॉल द्यायचा, परत फोन आला की आपलं म्हणणं किंवा गाणं ध्वनिमुद्रित करायचं किंवा इतरांचं ऐकायचं. रेशन मिळालं नाही, हातपंप बिघडलाय अशा तक्रारी त्यावर आल्या, आणि त्यांच्यासोबत खूप गाणी आली. कुणी श्रेणी विचारली नाही. गाणं सात मिनिटांत बसवायचं बंधन मात्र इथेही होतंच, उलट वेळ आणखी कमी. तरी इथे गाणं गावातून बाहेर जात होतं.

अहेरी आणि सिरोंचा

२८ एप्रिल २०२३ रोजी पंतप्रधानांनी देशभरातल्या ९१ नव्या एफएम प्रक्षेपकांचं एकाच वेळी उद्‌घाटन केलं. प्रत्येकाची ताकद १०० वॅट, म्हणजे घरातल्या एका जुन्या पिवळ्या बल्बाइतकी. अशा प्रक्षेपकाचा आवाज साधारण पंधरा-वीस किलोमीटर जातो. महाराष्ट्राच्या वाट्याला आलेल्या ठिकाणांत गडचिरोली जिल्ह्यातली दोन होती: अहेरी आणि सिरोंचा.

सिरोंचा म्हणजे प्राणहिता आणि गोदावरीच्या संगमावरचं गाव. रस्त्यावर तेलुगू, कचेरीत मराठी, आसपासच्या पाड्यांत गोंडी-माडिया. अशा ठिकाणी एफएम पोहोचणं ही आनंदाचीच गोष्ट आहे. पावसाळ्यात नाले भरले की इथली गावं तुटतात, मोबाइलचं नेटवर्क जातं. तेव्हा सेलवर चालणारा रेडिओ हाच उरतो. पण हे प्रक्षेपक रिले म्हणून बसवलेले आहेत. दुसरीकडे तयार झालेला कार्यक्रम उचलायचा आणि पुढे पाठवायचा. तिथे स्टुडिओ नाही, म्हणजे सिरोंचातला माणूस सिरोंचाच्या एफएमवर बोलू शकत नाही. १९४८ मध्ये नागपूर ऐकणारा चांदा जिल्हा आणि २०२३ मध्ये एफएम ऐकणारा सिरोंचा, आवाजाची स्वच्छता सोडली तर दोघांची जागा तीच आहे. माइकच्या या बाजूची नव्हे, स्पीकरच्या समोरची.

यावर उपाय फार महागडा नाही. साताऱ्यात म्हसवडला माणदेशी तरंग हे सामुदायिक रेडिओ केंद्र बायकांच्या संस्थेने चालवून दाखवलं आहे. अशा केंद्राला परवाना मिळतो तो साधारण तेवढ्याच, १०० वॅटच्या प्रक्षेपकासाठी. २००६ पासून स्वयंसेवी संस्थांना असा परवाना मागता येतो. फरक एवढाच की तिथे वायरीच्या दुसऱ्या टोकाला एक खोली आहे, खोलीत माइक आहे आणि माइकसमोर तिथलीच बाई बसलेली आहे. सिरोंचात वायरीचं दुसरं टोक शेकडो किलोमीटर लांब आहे. दिवसातला एक तास जरी ते टोक गावात आणलं, तेलुगू-मराठी-माडिया मिसळून बोलणारा एखादा पोरगा किंवा पोरगी तिथे बसवली, तरी बराच फरक पडेल.

चंद्रपुरातल्या चार खासगी वाहिन्यांचंही असंच. त्या आल्याच, तर पहिल्या दिवशी त्यांच्यावर काय वाजेल याचा अंदाज करायला ज्योतिषी नको. तरी एक गोष्ट त्यांच्या फायद्याची आहे आणि ती कदाचित त्यांच्या लक्षात आणून द्यावी लागेल. या भागात दरवर्षी दिवाळीपासून होळीपर्यंत हजारो लोक थंडीत घोंगड्या घेऊन, तिकीट काढून, रात्रभर जागून गाणी ऐकतात. तो श्रोता आयता आहे. त्याच्या आवडीची गाणी कुठल्याही मुंबईच्या कंपनीच्या यादीत नाहीत. ती गाणारे लोक वडशात राहतात, फोन उचलतात आणि गाण्याचे पैसे घेतात.

आणि १०३ मेगाहर्ट्झ? ते केंद्र अजून आहे. लोकसंगीताच्या स्वरपरीक्षा आकाशवाणी घेते, त्यासाठी अर्ज करता येतो. तुमच्या गावात खडी गंमत करणारा शाहीर असेल, रेला म्हणणाऱ्या आयाबाया असतील, पेटीवर भजनं म्हणणारे काका असतील, तर त्यांच्यासाठी तो अर्ज भरणारा माणूस बहुतेक तुम्हीच आहात, कारण फॉर्म आता ऑनलाइनच्या आणि इंग्रजीच्या जगात गेले आहेत. तोवर हातातला फोन आहेच. त्यात रेकॉर्डरही असतो. फक्त गाणं सुरू झालं की तो लगेच बंद करू नका. दंडारीला वेळ लागतो.